संगणकाची नोंदवही : कोणती नोंद ठेवावी, कोणती काढावी



जनरल रजिस्टर हे शाळेच्या दप्तराचे काळीज होय, असे आपण नव्याने रुजू झालेल्या शिक्षकास पहिल्याच आठवड्यात सांगतो. त्यातील एकही ओळ मनास वाटेल तशी खोडावयाची नसते. जन्मतारीख चुकली असली तरी सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय ती बदलता येत नाही. आज जी नोंद निरुपयोगी भासते तीच पन्नास वर्षांनी एखाद्या कुटुंबाच्या कामी येते. जात-पडताळणीच्या वेळी अनुसूचित जमातीच्या दाव्यास १९५० पूर्वीची आणि इतर मागास वर्गाच्या दाव्यास १९६७ पूर्वीची शाळेतील नोंद किती मोलाची ठरते, हे आपण सर्वजण जाणतो.

आता बहुतेक शाळांतून संगणक आला आहे. त्याच्या पोटातही अशीच एक नोंदवही असते. तिला ‘रजिस्ट्री’ म्हणतात. जनरल रजिस्टराच्या बाबतीत कमालीची दक्षता घेणारे आपण, या दुसऱ्या नोंदवहीच्या बाबतीत मात्र कमालीचे बेफिकीर असतो. ‘संगणक मंद झाला, रजिस्ट्री साफ करा’ असे कोणी सांगितले की, एखादी फुकट मिळणारी सफाई-प्रणाली आणून आपण कळ दाबून मोकळे होतो. ही चूक कशी घडते व ती कशी टाळावी, याचा विचार प्रस्तुत पाठात करावयाचा आहे.

एक अनुभव

ही चूक प्रथम मी स्वतः केली, हे येथे नमूद करणे मला आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी, जून महिन्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका द्विशिक्षकी शाळेस मी भेट दिली. चौथी उत्तीर्ण झालेल्या एका पावरा मुलीचे वडील ओट्यावर बसले होते. मुलीस आश्रमशाळेत घालावयाचे होते व त्याकरिता त्यांना शाळा सोडल्याचा दाखला हवा होता. गुरुजी संगणकापुढे घामाघूम होऊन बसले होते. ते म्हणाले, “साहेब, यंत्र फार मंद चालते. दाखला छापावयास अर्धा तास लागतो.”

माझ्या खिशातील पेनड्राइव्हमध्ये एक सफाई-प्रणाली होती. मोठ्या आत्मविश्वासाने मी ती चालविली. क्षणार्धात पडद्यावर कित्येक शे ‘दोष’ लाल अक्षरांत उमटले. एकही ओळ न वाचता मी ‘सर्व दुरुस्त करा’ या चौकटीवर कळ दाबली. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला, तेव्हा मराठी कळफलक नाहीसा झाला होता आणि प्रिंटरची ओळखही पुसली गेली होती. मंदपणा मात्र होता तेथेच होता.

गुरुजींनी मुकाट्याने कपाट उघडले, जनरल रजिस्टर काढले आणि छापील नमुन्यावर टाकाने दाखला लिहून दिला. मुलीचा प्रवेश अडला नाही. पण पुढे तालुक्याहून जाणकार आणून संपूर्ण प्रणाली नव्याने बसवावी लागली आणि त्यात गुरुजींनी तीन वर्षे खपून तयार केलेल्या प्रश्नपत्रिका गेल्या. त्यांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. ‘ज्या नोंदीचा अर्थ आपणांस कळत नाही, ती खोडण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?’ हा प्रश्न मीच स्वतःस विचारला. पुढील सर्व विवेचन त्या प्रश्नातून निघाले आहे.

रजिस्ट्री म्हणजे काय?

पूर्वी विंडोज या संगणक-प्रणालीत प्रत्येक कार्यक्रम आपली माहिती निरनिराळ्या लहान मजकूर-फाइलींत ठेवीत असे. गावोगावच्या पाटील-कुलकर्ण्यांच्या रुमालांत कागद विखुरलेले असावेत, तशी ती स्थिती होती. १९९२ साली आलेल्या विंडोज ३.१ मध्ये रजिस्ट्री मर्यादित स्वरूपात प्रथम आली आणि १९९५ सालच्या विंडोज ९५ पासून ती सर्व माहितीचे मध्यवर्ती दप्तर बनली. कोणता कार्यक्रम कोठे आहे, कोणती फाइल कशाने उघडावी, प्रिंटर कोणता, कळफलक कोणत्या भाषेचा, संगणक सुरू होताना कोणाकोणास जागे करावयाचे, अशा लक्षावधी ओळी या एका दप्तरात असतात.

हे दप्तर उघडले असता पाच कपाटे दिसतात. त्यांची नावे अशी : ‘एच-की क्लासेस रूट’, ‘एच-की करंट युजर’, ‘एच-की लोकल मशीन’, ‘एच-की युजर्स’ आणि ‘एच-की करंट कॉन्फिग’. ही पाच कपाटे दिसत असली तरी मूळ कपाटे दोनच आहेत, ‘लोकल मशीन’ आणि ‘युजर्स’. ‘लोकल मशीन’मध्ये संपूर्ण यंत्राच्या नोंदी असतात आणि ‘युजर्स’मध्ये त्या यंत्रावर काम करणाऱ्या व्यक्तींच्या. उरलेली तीन म्हणजे त्याच दोन कपाटांस पाडलेल्या खिडक्या होत. ‘करंट युजर’ ही सध्या काम करीत असलेल्या व्यक्तीच्या कप्प्याची खिडकी आहे. म्हणून एकच नोंद दोन ठिकाणी दिसली तर ती ‘दुबार’ आहे असे समजून एक काढून टाकू नये. एका खिडकीतून हात घालून वस्तू उचलली, तर ती दुसऱ्या खिडकीतूनही दिसेनाशी होणारच.

कपाटात कप्पे, कप्प्यांत उपकप्पे आणि त्यांत ओळी, अशी ही रचना आहे. कित्येक कप्प्यांस नाव नसून महिरपी कंसात लिहिलेला बत्तीस अक्षर-अंकांचा लांबलचक क्रमांक असतो. तो पाहून ‘हा काय कचरा’ असे वाटते. परंतु एकाच वर्गात एकाच नावाचे दोन विद्यार्थी असले म्हणजे आपण त्यांस जनरल रजिस्टराच्या क्रमांकाने ओळखतो. त्याचप्रमाणे संगणक आपल्या प्रत्येक घटकास या क्रमांकाने ओळखतो. क्रमांक निरर्थक दिसतो म्हणून विद्यार्थी निरर्थक ठरत नाही.

नोंदी काढल्याने वेग वाढतो काय?

हा प्रश्न प्रथम सोडविला पाहिजे, कारण बहुतेकांची धाव त्यासाठीच असते. उत्तर स्पष्ट आहे : जाणवेल असा वेग वाढत नाही.

जनरल रजिस्टरात तीन हजार नावे असली, तरी क्रमांक माहीत असलेला विद्यार्थी शोधण्यास आपण पहिल्या पानापासून वाचीत बसत नाही. नेमके पान उघडतो. संगणकही रजिस्ट्रीत कपाट, कप्पा, उपकप्पा या मार्गाने नेमक्या ओळीवर जातो. शेजारच्या कप्प्यात पाचशे जुन्या ओळी पडून असल्या तरी त्यांची त्यास अडचण होत नाही. शिवाय त्या पाचशे ओळी मिळून जागा व्यापतात ती एखाद्या छायाचित्राहूनही कमी.

मायक्रोसॉफ्ट कंपनीनेही एके काळी ‘रेजक्लीन’ नावाची स्वतःची सफाई-प्रणाली उपलब्ध करून दिली होती व पुढे ती मागे घेतली. रजिस्ट्री साफ करणाऱ्या साधनांच्या वापरास आपला पाठिंबा नाही व त्यांमुळे उद्भवणारे बिघाड दुरुस्त होतीलच अशी हमी देता येत नाही, ही त्या कंपनीची जाहीर भूमिका आहे. ज्यांनी दप्तर घडविले तेच असे सांगतात, याचा आपण विचार करावा.

मग पडद्यावर इतके दोष का दिसतात? काही वेळा ते अज्ञानाने दाखविले जातात, तर काही वेळा हेतुपुरस्सर. अमेरिकेत ऑफिस डेपो ही दुकानांची साखळी आणि सपोर्ट डॉट कॉम ही कंपनी यांनी ग्राहकांच्या संगणकांची फुकट तपासणी चालविली होती. तपासणीच्या आरंभी विचारलेल्या चार तक्रारींपैकी एकीवरही ग्राहकाने खूण केली, की यंत्रात काही असो वा नसो, रोगाची लक्षणे आढळल्याचा निकाल येत असे, असा तेथील व्यापार आयोगाचा आरोप होता. २०१९ साली या प्रकरणी त्या दोघांनी मिळून साडेतीन कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. त्यापूर्वी २०१७ साली ‘सीक्लीनर’ या सुप्रसिद्ध सफाई-प्रणालीच्या ५.३३ या आवृत्तीत चोरट्यांनी घातक संहिता घुसविली होती. ती आवृत्ती सुमारे २२.७ लाख संगणकांवर पोहोचल्याचे उत्पादकांनीच सांगितले. यावरून, झाडू देणाराचा हात स्वच्छ आहे की नाही, हेही पाहावे लागते.

निर्णयाचे चार प्रश्न

एखादी नोंद काढावयाची की ठेवावयाची, हे ठरविण्याकरिता पुढील चार प्रश्न क्रमाने विचारावेत.

पहिला प्रश्न : ही नोंद कोणाची? नोंदीच्या मालकाचे नाव, म्हणजे कार्यक्रमाचे वा उपकरणाचे नाव, आपणांस निश्चित सांगता आले पाहिजे. ‘बहुधा अमुक याची असावी’ हे उत्तर चालणार नाही.

दुसरा प्रश्न : तो मालक कायमचा गेला आहे काय? येथे फार बारकाईने पाहावे लागते. मुलगा महिनाभर ऊसतोडणीवर गेला म्हणून त्याचे नाव पटावरून कमी करीत नाहीत. तो परत येणार असतो. तसेच काढून ठेवलेला पेनड्राइव्ह, बंद असलेला प्रिंटर, शेजारच्या शाळेने नेलेला प्रोजेक्टर, यांच्या नोंदी सफाई-प्रणालीस ‘मालक सापडत नाही’ अशा दिसतात. वस्तुतः मालक तात्पुरता परगावी गेलेला असतो.

तिसरा प्रश्न : या नोंदीवर दुसरे कोणी अवलंबून आहे काय? एकाच विहिरीवर चार शेते भिजतात. त्यांतील एक शेतकरी गाव सोडून गेला म्हणून कोणी विहीर बुजवीत नाही. कित्येक सहायक फाइली अनेक कार्यक्रमांत सामाईक असतात. एक कार्यक्रम गेला तरी उरलेल्यांस त्यांची गरज असते.

चौथा प्रश्न : चूक झाल्यास ही नोंद जशीच्या तशी परत लावता येईल काय? रजिस्ट्रीत कचऱ्याची टोपली नाही. काढलेली ओळ तत्काळ जाते व ‘मागील कृती रद्द करा’ ही सोयही तेथे नाही. तेव्हा प्रत आधी घेतलेली नसेल, तर उत्तर ‘नाही’ असेच समजावे.

चारही उत्तरे समाधानकारक असतील तरच नोंद काढावी. एका जरी उत्तराविषयी शंका असेल तर ती राहू द्यावी. नोंद राहू दिल्याने सहसा काहीच बिघडत नाही. चुकीची नोंद काढल्याने मात्र यंत्र सुरू होईनासेही होऊ शकते. हानि-लाभाचे पारडे असे असता, संशयाचा फायदा नेहमी नोंदीस द्यावा.

नोंदींचे तीन वर्ग

(क) कदापि हात लावू नये अशा नोंदी. ‘लोकल मशीन’ कपाटातील ‘सिस्टीम’ हा संपूर्ण कप्पा या वर्गात येतो. यंत्र सुरू होण्याची रीत, त्यातील सेवा, उपकरणांचे चालक आणि कळफलकांची यादी यांत आहे. मराठी कळफलकाची नोंदही तेथेच ०००००४४ई या खुणेने केलेली असते, आणि शून्यांनी भरलेली ती खूण पाहून तिची किंमत कोणास कळणार? त्याच कपाटातील ‘सॅम’ व ‘सिक्युरिटी’ हे कप्पे खाती व सुरक्षितता यांचे आहेत. ‘क्लासेस रूट’मधील महिरपी कंसांतील क्रमांक, ‘इन्स्टॉलर’ नावाचे कप्पे आणि अक्षर-वळणांची यादी यांसही या वर्गात धरावे. ‘इन्स्टॉलर’मधील ओळी गेल्या तर कार्यक्रम चालतो, पण पुढे तो सुधारता येत नाही व काढताही येत नाही.

(ख) सफाई-प्रणाली हमखास दोषी ठरवितात, परंतु आपण सोडून द्याव्यात अशा नोंदी. यात तीन प्रकार वारंवार भेटतात. पहिला, रिकामे कप्पे. हजेरीपत्रकातील रिकाम्या चौकटीस जसा अर्थ असतो, तसा रिकाम्या कप्प्यासही असू शकतो. काही कार्यक्रम तो कप्पा आहे की नाही एवढेच पाहून पुढील वाट ठरवितात. दुसरा प्रकार, जुळ्या वाटणाऱ्या नोंदी. आजच्या ६४ बिटांच्या संगणकावर ३२ बिटांच्या जुन्या कार्यक्रमांसाठी ‘वाओ-६४३२-नोड’ नावाचा वेगळा कप्पा असतो. त्यातील नावे मुख्य कप्प्यातील नावांसारखीच दिसतात, पण ती सकाळच्या व दुपारच्या अधिवेशनांच्या दोन हजेरीपत्रकांप्रमाणे स्वतंत्र असतात. तिसरा प्रकार, सामाईक फाइलींच्या नोंदी व फाइलींच्या उघडण्याच्या रीती. वर सांगितलेला विहिरीचा दृष्टान्त येथे लागू पडतो.

(ग) चार प्रश्नांची परीक्षा उतरल्यास काढण्यास हरकत नाही अशा नोंदी. या वर्गात पुढील नोंदी येतात :

१. कायमचा काढून टाकलेल्या कार्यक्रमाची, संगणक सुरू होताना त्यास हाक मारणारी ओळ. ही ‘रन’ नावाच्या कप्प्यात असते. प्रत्येक वेळी ‘फाइल सापडत नाही’ असा संदेश येतो तो पुष्कळदा हिच्यामुळे.

२. कार्यक्रमांच्या यादीत उरलेले रिकामे नाव. कार्यक्रमाची फोल्डर खरोखर नाहीशी झाली आहे याची खात्री स्वतः करून घ्यावी.

३. ‘करंट युजर’ कपाटातील ‘सॉफ्टवेअर’ या कप्प्यात गेलेल्या कार्यक्रमाच्या नावाने राहिलेला त्याच्या आवडीनिवडींचा कप्पा. मात्र तो कार्यक्रम पुन्हा बसवावयाचा असेल, अथवा विकत घेतलेला असेल, तर हा कप्पा ठेवावा. काही कार्यक्रम आपल्या परवान्याची खूण रजिस्ट्रीतच राखतात.

४. नुकत्याच उघडलेल्या फाइलींच्या व दिलेल्या आज्ञांच्या याद्या. या गेल्याने काही अडत नाही. वापर सुरू होताच त्या पुन्हा तयार होतात. तेव्हा त्या काढणे हा सफाईचा नव्हे, खाजगीपणाचा प्रश्न समजावा.

प्रत्यक्ष कृती

(ग) वर्गातील एखादी नोंद काढावयाचे ठरले, तर पुढील क्रम सोडू नये.

प्रथम शाळेच्या महत्त्वाच्या फाइली, प्रश्नपत्रिका, निकालपत्रके व दाखल्यांचे नमुने पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावेत. त्या संगणकातच दुसऱ्या ठिकाणी ठेवलेली प्रत ही प्रत नव्हे. घरास आग लागली असता दोन्ही खोल्या जळतात.

दुसरे, ‘रिस्टोअर पॉइंट’ तयार करावा. शोधपट्टीत हे शब्द लिहिले असता ‘सिस्टीम प्रोटेक्शन’चे पान उघडते. पुष्कळ संगणकांवर ही सोय बंद असते. ती आधी सुरू करावी व मग नवा टप्पा नोंदवावा. विंडोज स्वतःच रजिस्ट्रीची प्रत ठेवीत असेल, या समजावर विसंबू नये. ‘रेगबॅक’ नावाच्या फोल्डरमध्ये पूर्वी अशी प्रत आपोआप पडत असे. विंडोज १० च्या २०१८ साली आलेल्या १८०३ या आवृत्तीपासून ती प्रथा बंद झाली आहे.

तिसरे, विंडोजची कळ व ‘आर’ ही कळ एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत आर-ई-जी-ई-डी-आय-टी ही अक्षरे लिहावीत. दप्तर उघडेल. जो कप्पा बदलावयाचा त्यावर उजवी कळ दाबून ‘एक्स्पोर्ट’ म्हणावे व ती प्रत दिनांक घालून पेनड्राइव्हवर ठेवावी.

चौथे, एका वेळी एकच नोंद काढावी. संगणक पुन्हा सुरू करून मराठी लेखन, छपाई व शाळेची नित्याची कामे करून पाहावीत. आठ दिवस काही तक्रार आली नाही तरच पुढील नोंदीचा विचार करावा. दहा नोंदी एकदम काढल्या व बिघाड झाला, तर दहांपैकी गुन्हेगार कोण हे कळत नाही.

पाचवे, बिघाड झालाच तर राखून ठेवलेल्या प्रतीवर दोनदा कळ दाबावी. गेलेल्या ओळी परत येतात. ही प्रत गेलेले परत आणते, परंतु मध्यंतरी नव्याने आलेले काढीत नाही, एवढे ध्यानात असावे. यंत्र मुळीच सुरू होत नसेल, तर दुरुस्तीच्या पडद्यावरून ‘सिस्टीम रिस्टोअर’ निवडून नोंदविलेल्या टप्प्यावर परत जाता येते.

सहावे, हे सर्व एका साध्या वहीत लिहावे. दिनांक, काम करणाराचे नाव, कोणती नोंद, प्रत कोठे व परिणाम काय, असे पाच रकाने पुरेत. बदली होऊन नवे शिक्षक आले म्हणजे ही वही त्यांस मार्गदर्शक होईल.

मग मंदपणाचे काय?

संगणकाच्या मंदपणाची खरी कारणे बहुधा अन्यत्र असतात. सुरू होताना नको ते दहा कार्यक्रम जागे होतात. ते ‘टास्क मॅनेजर’मधील ‘स्टार्टअप’ या पानावरून बंद करता येतात, त्यासाठी रजिस्ट्री उघडावी लागत नाही. डिस्क काठोकाठ भरलेली असते, तिच्यातील तात्पुरत्या फाइली ‘सेटिंग्ज’मधील ‘स्टोरेज’मधून काढाव्यात. नको असलेला कार्यक्रम ‘सेटिंग्ज’मधूनच काढावा, म्हणजे तो आपल्या बहुतेक नोंदी स्वतःच आवरून घेतो. नुसती फोल्डर उडविल्याने मात्र नोंदी अनाथ होऊन मागे राहतात. आपल्या खानदेशात, विशेषतः भुसावळ-जळगावकडे, उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. पत्र्याच्या खोलीत धुळीने भरलेला पंखा यंत्रास थंड ठेवू शकत नाही व तापलेले यंत्र आपला वेग आपणच कमी करते. तेव्हा रजिस्ट्रीआधी पंखा साफ करावा. स्मृती कमी असल्यास ती वाढविणे, फिरत्या डिस्कच्या जागी नवी एसएसडी बसविणे, हे उपाय खर्चाचे असले तरी खरे आहेत.

आणखी एक सूचना. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. ज्या शाळांचे संगणक अद्याप तिच्यावर चालतात, त्यांनी सफाईत वेळ न दवडता हा विषय केंद्रप्रमुखांच्या कानी घालावा. केरळातील शासकीय शाळांत लिनक्स ही मुक्त प्रणाली वापरली जाते. तिच्यात विंडोजसारखी एकच मध्यवर्ती रजिस्ट्री नसून बहुतेक कार्यक्रमांच्या नोंदी साध्या मजकूर-फाइलींत वेगवेगळ्या असतात.

स्वाध्याय

पुढील प्रसंगांचा केंद्रातील शिक्षण परिषदेत विचार करावा. प्रत्येक प्रसंगास चार प्रश्न लावून मगच उत्तर पाहावे.

१. परीक्षेपुरता शेजारच्या शाळेतून आणलेला स्कॅनर परत गेला. सफाई-प्रणाली म्हणते, उपकरण सापडत नाही. (उत्तर : मालक परगावी आहे, गेलेला नाही. नोंद ठेवावी.)

२. मुदत संपलेली विषाणू-रोधक प्रणाली रीतसर काढली, तरी संगणक सुरू होताना तिची फाइल सापडत नसल्याचा संदेश रोज येतो. (उत्तर : मालक निश्चित व कायमचा गेलेला. प्रत घेऊन ‘रन’मधील ती एकच ओळ काढावी.)

३. साठ रिकामे कप्पे सापडले. (उत्तर : मालक अज्ञात. सर्व राहू द्यावेत.)

४. जुन्या मराठी लेखन-प्रणालीचा वापर थांबला आहे, पण दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका तिच्यातच आहेत. (उत्तर : प्रश्नपत्रिका तिच्यावर अवलंबून आहेत. आधी त्या युनिकोडमध्ये उतरवाव्यात, तोपर्यंत काही काढू नये.)

समारोप

धुळे शहरात १९२७ साली स्थापन झालेले राजवाडे संशोधन मंडळ आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून जुने कागद गोळा करीत. वाड्यांच्या माळ्यांवर धूळ खात पडलेले ते रुमाल पुष्कळांच्या लेखी रद्दीच होते. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड त्यांनी प्रसिद्ध केला आणि त्या रद्दीची योग्यता महाराष्ट्रास कळली. वाचता येत नाही तो कागद व्यर्थ, हा समज त्यांनी खोटा ठरविला.

संगणकातील प्रत्येक जुनी ओळ इतकी थोर असते असे नव्हे. काही ओळी खरोखर टाकाऊ असतात व त्या काढाव्यात. परंतु काढण्यापूर्वी वाचावी, ओळखावी, तिची प्रत ठेवावी. त्या दिवशी गुरुजींनी कपाटातून जनरल रजिस्टर काढले तेव्हा त्यातील प्रत्येक ओळ जागेवर होती, कारण चाळीस वर्षांत तेथे आलेल्या एकाही शिक्षकाने न समजता काही खोडले नव्हते. म्हणूनच त्या मुलीच्या हाती दाखला पडला. आपल्या हातून गेलेल्या प्रत्येक दप्तराविषयी पुढे येणाऱ्या शिक्षकास असेच म्हणता यावे, एवढीच अपेक्षा आहे.